भिंग आणि पोटखराबा

सुशिक्षित कुटुंबांत छंदाकडे पाहण्याच्या दोन रीति आहेत. शाळेंत जाणार्‍या मुलानें कांहीं आरंभिलें तर 'आधीं परीक्षा होऊं दे' असें सांगण्यांत येतें, आणि सेवानिवृत्त झालेल्या वडील माणसानें आरंभिलें तर 'बरें झालें, जीव रमेल' असें म्हणून सारीं आपापल्या कामाला लागतात. पहिल्या ठिकाणीं छंद हें विघ्न ठरतें, दुसर्‍या ठिकाणीं औषध. ज्या छंदाविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों तो ह्या दोन्ही खणांत नीटसा बसत नाहीं. कारण आमच्या घरीं त्याचा आरंभ सातवींतल्या नातीनें आणि साठी उलटलेल्या आम्हीं एकाच दिवशीं केला, व त्यांत अधिक प्रगति कोणाची झाली हा प्रश्न घरांत अद्याप वादग्रस्त आहे.

इंग्रजींतून आलेलें त्याचें नांव मॅक्रो फोटोग्राफी. 'अतिसमीप छायाचित्रण' असा प्रतिशब्द करतां येईल, पण तो उच्चारून होईपर्यंत नाकतोडा उडून जाईल. म्हणून मॅक्रो हाच शब्द आम्ही ठेवतों. व्याख्या सोपी आहे. कॅमेर्‍यांत ज्या पृष्ठावर चित्र उमटतें तेथें पूर्वीं फिल्म असे, आतां सेन्सर असतो. एरव्हीं आपण माणसांचें चित्र काढतों तेव्हां साडेपांच फुटांचा मनुष्य त्या पृष्ठावर दोन-अडीच सेंटिमीटरांत कोंबलेला असतो. उलट, एक सेंटिमीटर लांबीचा मुंगळा तेथेंही एक सेंटिमीटर लांबीचाच उमटला, म्हणजे प्रमाण १:१ झालें, आणि खरें मॅक्रो तेथून सुरू होतें. मग तेंच चित्र भिंतीवरच्या पडद्याएवढें वाढवून पाहिलें कीं मुंगळ्याच्या मिशीवरचे केस मोजतां येतात.

ह्या छंदाचें नांव काढतांच गृहिणींच्या कपाळावर जी आंठी पडते ती खर्चाची. ती अगदींच अनाठायीं नाहीं. मुद्दाम मॅक्रोसाठीं केलेलें भिंग घेऊं गेल्यास हजारो रुपये मोजावे लागतात, आणि एकत्र कुटुंबांत त्या हजारांवर आधींच कोणाच्या तरी फीचा, कोणाच्या तरी दांतांचा हक्क लागलेला असतो. आमचा आरंभ मात्र बिनखर्चाचा झाला. आमचे वडील सोलापुरांतील एका गिरणींत कापड तपासण्याच्या कामावर होते. त्यांच्या पेटींत तीन घड्यांत मिटणारें पितळी चौकटीचें एक भिंग होतें. तें चादरीवर ठेवावयाचें आणि त्याच्या चौकोनी खिडकींतून दिसणारे ताण्याबाण्याचे धागे मोजावयाचे. धागे कमी भरले कीं तो ताका बाजूला. हें भिंग मोबाइलच्या डोळ्यापुढें धरून नातीनें पहिलें चित्र घेतलें तें घरांतल्याच एका सोलापुरी चादरीच्या कोपर्‍याचें. रोज अंगावर घेतलेल्या त्या चादरींत लाल म्हणून जो रंग आम्ही ओळखत होतों, तो लाल आणि काळ्या धाग्यांनीं मिळून केलेला होता, हें त्या दिवशीं कळलें.

वस्त्रव्यवसायाच्या ह्या भिंगाचें विज्ञानाच्या इतिहासांतही मानाचें स्थान आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवचा लेव्हेनहूक (१६३२–१७२३) हा पेशानें कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचें शिक्षण नाहीं, लॅटिन येत नाहीं. पण धाग्यांची प्रत पाहण्यासाठीं भिंग हातांत धरण्याची त्याच्या धंद्यांत चाल होती. पुढें त्यानें स्वतःच लहान लहान भिंगें तयार केलीं, आणि तळ्याच्या पाण्यांतले व दांतांच्या किटणांतले जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या डच भाषेंत पत्रें धाडलीं. त्याच्या थोडें आधीं, १६६५ सालीं, रॉबर्ट हूकनें पिसवेचें हातभर मोठें चित्र छापून विलायतेंतल्या सभ्य लोकांना थक्क केलें होतें. ह्या दोघांना जें दिसलें तें कागदावर हातानें काढावें लागलें. आपल्याला तेवढीही तसदी नाहीं. सोलापूर तर विणकरांचें शहर. आमच्या वडिलांच्या पेटींतल्यासारखीं भिंगें येथें आणखी किती तरी पेट्यांत पडून असावींत.

ज्यांच्या घरीं असें कांहीं नाहीं त्यांना चिमट्यानें मोबाइलवर बसणारें छोटें भिंग कांहीं शें रुपयांत मिळतें. नवशिक्याला तें एक वर्ष पुरतें, आणि त्या वर्षांत छंद टिकतो कीं विटतो ह्याचाही निकाल लागतो. त्यापुढें जावयाचें असेल, आणि सुटीं भिंगें लावतां येणारा जुना कॅमेरा घरांत असेल, तर दोन युक्त्या आहेत. पहिली अगदीं पोरखेळासारखी वाटते: पन्नास मिलिमीटरचें साधें भिंग एका कड्याच्या साह्यानें कॅमेर्‍यावर उलटें बसवावयाचें. दूरचें मोठें जग लहान करणारें तेंच भिंग उलटें होतांच लहान जग मोठें करूं लागतें. दुसरी युक्ति पोकळ नळ्यांची. ह्या नळ्यांत कांच मुळींच नसते. भिंग सेन्सरपासून दूर नेणें एवढेंच त्यांचें काम. पन्नास मिलिमीटरच्या भिंगामागें पन्नास मिलिमीटर लांबीची नळी लावली कीं १:१ हें प्रमाण साधतें. मात्र निसर्ग कांहींच फुकट देत नाहीं: त्या प्रमाणावर सेन्सरवर पोंचणारा प्रकाश चौथाईवर येतो, आणि किडा भिंगाच्या इतका जवळ येतो कीं आपली सावली त्याच्यावर पडते. नव्वद ते शंभर मिलिमीटरचीं खास मॅक्रो भिंगें महाग असूनही लोक घेतात तीं ह्यासाठींच. त्यांत किड्याशीं राखावयाचें अंतर जवळजवळ दुप्पट मिळतें. ३५ मिलिमीटरच्या कॅमेर्‍यासाठीं पहिलें मॅक्रो भिंग हाइन्झ किल्फिट ह्या जर्मन कारागिराच्या कारखान्यांतून १९५५ सालीं बाहेर पडलें. निकॉन कंपनी ह्याच भिंगांना 'मायक्रो' म्हणते, ही एक गंमत. दुकानांत गेल्यावर त्या नांवानें कोणीं गोंधळूं नये.

साधनांची गोष्ट एवढीच. खरी अडचण साधन हातांत आल्यानंतर सुरू होते, आणि ती पैशानें सुटत नाहीं. १:१ ह्या प्रमाणावर, छिद्र एफ/८ वर ठेवलें असतां, चित्रांत जो भाग स्पष्ट येतो त्याची खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढीही नाहीं. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धुक्यांत जातात. पाय आले तर डोळा जातो. छिद्र लहान केल्यास खोली थोडी वाढते खरी, पण फार लहान केलें तर प्रकाशकिरण कडेवर वांकतात आणि सारेंच चित्र साय धरल्यासारखें होतें. अशा वेळीं स्वयंचलित यंत्रणा उपयोगी पडत नाहीं. ती पुढच्या पात्यावरून मागच्या पात्यावर उड्या मारीत बसते. जाणते लोक करतात तें असें: भिंगाची फिरकी एका जागीं बांधून ठेवावी आणि आपणच वार्‍यावरच्या जोंधळ्याच्या ताटासारखें किंचित् पुढें, किंचित् मागें झुकावें, डोळा स्पष्ट दिसला त्या क्षणीं कळ दाबावी. श्वास रोखावा असें पुस्तकांत असतें. साठीनंतर तो फार वेळ रोखूं नये. श्वास सोडून झाल्यावर जो क्षणभर विसांवा असतो तेवढा पुरतो. दहांतलीं आठ-नऊ चित्रें वायां जातात आणि तें तसेंच चालावयाचें.

वेळ साधावी ती सूर्योदयाच्या आगेमागें. कीटकांचें रक्त आपल्यासारखें स्वतः ऊन राहत नाहीं. रात्रींच्या गारव्यानें ते आंखडलेले असतात आणि ऊन लागेपर्यंत त्यांना फारशी हालचाल करतां येत नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत आमच्याकडे पहाटे गवतावर दंव असतें, आणि टाचणीसारखा एरव्हीं हातीं न लागणारा जीव पंखांवर थेंब घेऊन काडीला चिकटून बसलेला सांपडतो. आषाढांत मात्र सोलापूरचा वारा कोणाला स्वस्थ बसूं देत नाहीं. ते दिवस घरांतल्या घरांत तुळशीची मंजिरी, खडीसाखर, रांगोळीचे कण, भाकरीचा पापुद्रा ह्यांवर हात बसवण्याचे. फ्लॅश वापरावयाचा असल्यास त्याच्या तोंडावर पतंगाचा पांढरा कागद किंवा दुधाची धुतलेली पिशवी ताणून बसवावी, नाहीं तर भुंग्याच्या पाठीवर लखलखीत डागाखेरीज कांहीं उमटत नाहीं. दुधाची पिशवी ही आमच्या वहिनींची सूचना. तिचें श्रेय त्यांना येथें जाहीरपणें दिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

कारण पुढच्या प्रकरणांत त्यांचें नांव दुसर्‍या नात्यानें येणार आहे. पुतण्याच्या एका स्नेह्यानें असा उपदेश केला कीं किडा डबींत घालून पांच मिनिटें फ्रिजांत ठेवावा. तो गारठून निपचित पडतो आणि मनाजोगतीं चित्रें घेतां येतात. असें करणारे पुष्कळ आहेत. वहिनी स्वयंपाकघरांतून एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, त्या फ्रिजांत नैवेद्याचें दूध असतं. माशी ठेवायची असेल तर आधीं दुसरा फ्रिज आणा." प्रश्न तेथेंच मिटला. आमचें स्वतःचें कारण सोंवळ्याचें नव्हे. गारठलेल्या किड्याचे पाय पोटाशीं ओढलेले असतात, मान कलंडलेली असते. जाणत्याला तें चित्र पाहतांच कळतें कीं हा जीव आपल्या जागीं, आपल्या इच्छेनें बसलेला नाहीं. जें चित्र खोटें बोलतें तें कितीही स्पष्ट असलें तरी आम्हांला नको. हल्लीं वेगवेगळ्या पातळ्यांवर घेतलेलीं वीस-तीस चित्रें संगणकावर एकत्र करून सर्वांगीं स्पष्ट असें एक चित्र करतां येतें. विद्या चांगली आहे; पण तिला न हलणारा किडा लागतो, आणि न हलणार्‍या किड्याचा मोह मनुष्याला त्या फ्रिजाकडे घेऊन जातो. नवशिक्यानें एक वर्ष तरी तिच्या वाटेस जाऊं नये.

सबुरीचा सर्वांत मोठा महाराष्ट्रीय दाखला दादासाहेब फाळके ह्यांचा आहे. विलायतेस जाण्यापूर्वीं रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांचे डोळे इतके शिणले होते कीं कांहीं काळ दृष्टि गेली होती. उपचारांनीं ती परत आली. १९१२ सालीं तिकडून कॅमेरा आणला, पण भांडवल द्यावयास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. दाण्याचा कोंब, कोंबाचें रोप, सारें मिनिटाहून किंचित् अधिक वेळांत पडद्यावर वाढूं लागलें. 'अंकुराची वाढ' हें त्याचें नांव. तें पाहून कर्ज देणारे निघाले, सरस्वतीबाईंनीं दागिने काढून दिले, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' झाला. हरिश्चंद्राची कीर्ति सर्वांना ठाऊक आहे. पण फाळक्यांच्या चित्रपटाचा पहिला नायक आमच्या मतें तो वाटाणा होय. खिडकींतल्या कुंडीजवळ महिनाभर टिकून राहण्याची ज्याची तयारी आहे त्याला दूर जंगलांत जाण्याचें कारण नाहीं.

आम्ही जंगलांत गेलों नाहीं, कुंभारीला गेलों. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणार्‍या रस्त्यावर हें गांव आहे, आणि तेथें आमच्या घराण्याची थोडी जमीन आहे. थोरले बंधू नाना ती पाहतात. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला रब्बीची ज्वारी येण्याइतकी काळी माती. सातबार्‍याच्या उतार्‍यावर ह्या मुरुमाच्या तुकड्यापुढें 'पोटखराबा' असा शब्द आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जमीन आहे त्यांना तो परिचयाचा असेल: खडक, ओघळ, लागवडीस निरुपयोगी जागा. ज्यावर आकार नाहीं, पीक नाहीं, भांडण नाहीं, अशी जमीन. सरकारी नकाशांतही खुरट्या गवताचे असले माळ पडीक म्हणूनच रंगवले जातात. नातीला आम्हीं तेथेंच नेलें, कारण पिकांत बसून पीक तुडवण्याची परवानगी नानांनीं कोणालाच दिली नसती.

पद्धत अशी ठेवली कीं एक पोतें अंथरावें, आणि त्याच्या चारी कडांपासून हात पोंचेल तेवढ्याच जागेंत दोन तास काढावे, उठावयाचें नाहीं. पहिला अर्धा तास कांहीं दिसत नाहीं. मग डोळा बसतो. एकदांडीचें फूल हें ह्या माळावर इतकें सामान्य आहे कीं गुरेंही त्याच्याकडे लक्ष देत नसतील. भिंगांतून पाहिलें तर तें एक फूल नव्हेच. मधल्या पिवळ्या टिकलीचा प्रत्येक ठिपका हें स्वतंत्र, नळीसारखें, आपापल्या क्रमानें उमलणारें फूल आहे. आणि बाहेरच्या ज्या पांचएक पांढुरक्या 'पाकळ्या' दिसतात, तींही प्रत्येकीं एकेक फूल असून त्यांच्या टोंकाला तीन दांते आहेत. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हें सारें लिहिलेलें असतें. नातीनें तें पाठही केलेलें होतें. पण "आजोबा, हें खरंच तसं आहे!" असा उद्गार तिनें त्या पोत्यावर काढला. पाठ केलेली गोष्ट खरी असूं शकते ह्याचें तिला वाटलेलें नवल आमच्या शिक्षणाविषयीं काय सांगतें, तें शिक्षकांनीं पाहावें.

शेजारी रुईचीं झुडपें आहेत. शनिवारीं मारुतीला घालावयाच्या माळेसाठीं गांवांतल्या स्त्रिया तेथूनच पानें नेतात. ह्या पानांच्या पाठीमागें बिबळ्या कडवा नांवाचें नारिंगी फुलपांखरूं एकेक सुटें अंडें घालतें. मिलिमीटरभर उंचीचें, पांढरें, घुमटासारखें, आणि त्या घुमटावर वरून खालीं उतरणार्‍या नाजुक कण्या. देवळाचें शिखर कोणी मोहरीएवढें करावें तसें तें दिसतें. त्यांतून निघालेली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईचा विषारी चीक पचवते आणि तेंच विष अंगांत सांठवून पक्ष्यांपासून सुरक्षित राहते. आमच्या वहिनींनीं हें चित्र पाहिल्यापासून मारुतीसाठीं खुडावयाचें पान त्या आधीं उलटें करून पाहतात. त्यानें माळ करावयास वेळ जास्त लागतो, अशी तक्रारही त्यांचीच.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. मृग लागून पहिला चांगला पाऊस पडला कीं मखमलीसारखे लालभडक मृगाचे किडे बाहेर येतात. संस्कृतांत त्यांस इंद्रगोप म्हणतात, हिंदींत बीरबहूटी. वर्षाचा बहुतेक काळ ते जमिनीखालीं असतात, आणि ह्या थोड्या दिवसांत वर येऊन वाळवी खातात व विणीची तजवीज करतात. आमच्या पोटखराब्याच्या बांधावर नातीनें त्यांतला एक टिपला. आमच्या मातोश्रींचें वय शहाऐंशी. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाला वार्धक्यानें जो विकार होतो तो त्यांना झाला आहे. समोर पाहिलें कीं जेथें पाहावें नेमका तेथेंच डाग. कडेचें तेवढें दिसतें. मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया करून तें सुधारत नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितल्यापासून पोथी मिटली, निवडटिपण सुटलें, आणि घरांतल्या माणसांना त्या आवाजावरून ओळखूं लागल्या.

तें चित्र नातीनें दिवाणखान्यांतल्या टेलिव्हिजनवर लावलें. मातोश्रींनीं मान जरा वांकडी केली. अशा विकारांत मनुष्य डागाच्या बाजूनें पाहावयास आपोआप शिकतो, आणि वस्तु पुरेशी मोठी असली तर त्या कडेच्या दृष्टीनेंही ती दिसते. बर्‍याच वेळानें त्या म्हणाल्या, "हा मृगाचा किडा. आम्ही काडेपेटींत घालायचों." मग आणखी कांहीं वेळानें, "अग, ह्याला मखमल काय म्हणतां? लोकर आहे ही. एकेक केस दिसतोय." आणि मग त्यांनीं बोटानें हवेंत मोजले: "आठ पाय आहेत ह्याला." किड्याला पाय सहा, आठ पाय कोळ्याच्या कुळाला. मृगाचा किडा हा खरोखर किडा नव्हेच, कोळी-गोचिडांच्या नात्यांतला जीव आहे, हें त्यांना आयुष्यांत कोणीं सांगितलेलें नव्हतें, आणि नातीनें तें आधीं सांगूं नये एवढी समजूत दाखवली. (ह्याच जीवाच्या पोरांना पाय सहाच असतात आणि तीं इतर किड्यांच्या अंगावर बसून पोसलीं जातात, तें आम्हीं मागाहून सांगितलें.) त्या संध्याकाळीं पणजी आणि पणती ह्यांनीं आमचीं दोन वर्षांचीं चित्रें पाहिलीं. जेवणाचीं पानें उशीरा मांडलीं गेलीं.

निजावयास जातांना मातोश्रींनीं विचारलें, "कुठला ग तो किडा?" नातीनें जागा सांगितली. तेव्हां त्या म्हणाल्या, "नानाला सांग, तो बांध जाळूं नकोस म्हणावं."

हा हुकूम साधा नव्हता. दर चैत्रांत बांधावरचें वाळलें गवत जाळणें ही नानांची, आणि बहुतेक शेतकर्‍यांची, वहिवाट आहे. त्यांचें म्हणणें अडाणीपणाचें नाहीं: ज्वारीला लागणार्‍या खोडमाशीसारख्या किडी आसपासच्या गवतावरही तग धरतात, उंदीर बिळें करतात. आम्हीं त्यांच्यापुढें दुसरीं चित्रें मांडलीं. रुईवर जो पिवळा मावा असतो तो रुईच्याच कुळाचा व कण्हेरीचा रस पितो, ज्वारीकडे फिरकत नाहीं. त्याच माव्यावर ढालकिडे वाढतात, आणि ढालकिड्याची अळी दिसावयास मगरीच्या पिलासारखी उग्र असली तरी मावा खाण्यांत प्रौढांहून मागें नसते. तिला कीड समजून आजवर कितीक वेळां मारलें, हें नानांनीं स्वतःच कबूल केलें. पण खोडमाशीच्या मुद्द्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तो मुद्दा खरा आहे.

आणि बांधाचा प्रश्न आमच्या एका शेतापुरता उरलेला नाहीं. कुंभारीचा माळ गेल्या वीस वर्षांत पुष्कळ पालटला. विडी वळणार्‍या स्त्रियांसाठीं गोदूताई परुळेकरांच्या नांवानें दहा हजार घरांची वसाहत येथें झाली. २००६ सालीं तिचें लोकार्पण झालें. त्यामागून असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांचें रे नगर आलें, आणि त्यांतील पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं लोकांच्या स्वाधीन करण्यांत आलीं. शहरांतल्या एका खोलींत चूल, अंथरूण आणि तंबाखूचें सूप मांडून ज्यांनीं जन्म काढला त्यांना दार लावून घेतां येईल असें घर मिळालें. त्या घरांविरुद्ध आम्ही एक अक्षर लिहिणार नाहीं. माणसापुढें मृगाचा किडा मांडून न्याय मागण्याची आमची वृत्ति नाहीं. फक्त एवढें खरें कीं ज्या जमिनीला आपण सर्वांनीं पोटखराबा म्हटलें, ती रिकामी नव्हती. आणि जेथें अजून घर नाहीं, पीक नाहीं, तेथें काय राहतें ह्याची नोंद करण्याला एक पोतें आणि एक भिंग पुरतें.

म्हणून नातीला रोजनिशी घालून दिली आहे. प्रत्येक चित्रापुढें तारीख, वेळ, जागा, कोणत्या झाडावर, ऊन कीं सावली. ज्या चित्राला तारीख आणि जागा नाहीं तें कॅलेंडरवर शोभेल, पण त्याचा अभ्यासकाला उपयोग नाहीं. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ह्या दोन्ही ठिकाणीं अशीं चित्रें नोंदवतां येतात. जाणकार मंडळी तीं पाहून जात ओळखून देतात, प्रसंगीं आपली ओळख चुकीची असल्याचें स्पष्ट सांगतात, आणि समोरची व्यक्ति सातवींत आहे म्हणून सवलत देत नाहींत. नातीला तें फार आवडतें. घरच्या जागेची नेमकी खूण मात्र उघड करूं नये. मृगाचे किडे औषधासाठीं गोळा करून विकणारे लोक आहेत.

बांधाचा निकाल अर्धामुर्धा लागला. मातोश्रींचा शब्द मोडवेना आणि खोडमाशीची भीतिही जाईना, तेव्हां नानांनीं पूर्वेकडचा अर्धा बांध राखला व पश्चिमेकडचा जाळला. मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या सकाळीं नातीनें दोन्हीकडे सारखाच वेळ पोतें टाकून मोजणी केली. पूर्वेकडे अधिक निघाले, पश्चिमेकडे थोडे. नाना म्हणाले, एका वर्षावरून कांहीं ठरत नाहीं. कदाचित् पूर्वेची मातीच भुसभुशीत असेल. हें त्यांचें म्हणणें आम्हांला मान्य आहे. तेव्हां येत्या चैत्रांत पश्चिमेचा राखावयाचा आणि पूर्वेचा जाळावयाचा असें ठरलें आहे, आणि पूर्वेवरच्या रुईचीं पानें त्याआधीं उलटून पाहण्याचें काम वहिनींनीं आपणहून अंगावर घेतलें आहे.